बारा नाणी, एक तराजू आणि चार डोकी

दोन पारड्यांचा तराजू तुम्ही सर्वांनी पाहिला असेलच. हल्ली दुकानांतून आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आहेत. तरी आठवड्याच्या बाजारात आणि शाळेच्या प्रयोगशाळेत जुना तराजू अजून भेटतो. हा तराजू मोठा अबोल प्राणी आहे. वस्तू किती ग्रॅमची आहे हे तो स्वतः होऊन कधीच सांगत नाही. ‘डावे पारडे जड’, ‘उजवे पारडे जड’ आणि ‘दोन्ही सारखी’ एवढी तीनच उत्तरे त्याला येतात. पण या तीन उत्तरांवर माणसांनी चारशेहून अधिक वर्षे कोडी रचली आहेत. आज त्यांतील दोन पाहू. पहिले एकट्याने सुटण्यासारखे आहे. दुसऱ्यासाठी मात्र मित्र जमवावेत हे बरे.

दशमान वजने येण्यापूर्वी आपल्याकडे शेर आणि मण चालत. चाळीस शेरांचा एक मण. एका वाण्याकडे म्हणे एक मणाचा एकच दगड होता. तो हातातून निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. वाणी कपाळाला हात लावून बसला. पण तुकडे तोलून पाहतो तो काय, त्या चार तुकड्यांनी एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत हवे तेवढे शेर धान्य तोलता येऊ लागले! तर ते तुकडे किती किती शेरांचे होते?

वाचणे क्षणभर थांबवा आणि कागद पेन्सिल घ्या.

वजने एकाच पारड्यात ठेवायची असा नियम केला तर १, २, ४, ८, १६ आणि ३२ शेरांची सहा वजने लागतात. चारांत भागत नाही. युक्ती अशी, की वजन धान्याच्या पारड्यातही ठेवता येते. एका पारड्यात ३ शेरांचे वजन आणि दुसऱ्यात धान्यासोबत १ शेराचे वजन ठेवले, तर दांडी सरळ होईल तेव्हा धान्य बरोबर २ शेर असणार. म्हणजे धान्याच्या पारड्यातले वजन वजा होते. हे एकदा ध्यानात आले की १, ३, ९ आणि २७ हे तुकडे हाती लागतात. क्लोद गास्पार बाशे या फ्रेंच गणितज्ञाने १६१२ साली करमणुकीच्या गणिताचे एक पुस्तक छापले, त्यात हेच उत्तर दिलेले आहे.

पण नेमके चाळीसच का? प्रत्येक वजनाला तीन जागा आहेत : वजनाचे पारडे, धान्याचे पारडे, किंवा खाली जमिनीवर. चार वजनांच्या मिळून ३ × ३ × ३ × ३ = ८१ मांडण्या झाल्या. त्यांतील एका मांडणीत चारही वजने जमिनीवरच असतात, ती सोडा. उरलेल्या ८० मांडण्या जोडीजोडीने येतात, कारण दोन पारड्यांची अदलाबदल केली तर वजन तेच राहते. ऐंशीच्या निम्मे चाळीस. आणि १ + ३ + ९ + २७ यांची बेरीजही चाळीस. एकही मांडणी वाया गेलेली नाही!

एखादी संख्या दिली तर तिची मांडणी कशी शोधायची? चाचपडत बसायला नको. संख्येला ३ ने भागत जा. बाकी ० किंवा १ आली तर ठीक. बाकी २ आली तर ती ‘वजा १’ माना आणि भागाकारात १ मिळवा. उदाहरणार्थ २३ घ्या. २३ भागिले ३, भागाकार ७, बाकी २. म्हणून १ शेराचे वजन वजा बाजूला, आणि भागाकार झाला ८. आता ८ भागिले ३, भागाकार २, बाकी पुन्हा २. म्हणून ३ शेरांचे वजनही वजा बाजूला, भागाकार ३. पुढे ३ भागिले ३, बाकी शून्य, म्हणजे ९ शेरांचे वजन जमिनीवर. शेवटी उरला १, म्हणून २७ चे वजन अधिक बाजूला. ताळा पाहा : २७ − ३ − १ = २३.

अधिक, वजा आणि शून्य या तीन खुणांनी संख्या लिहिण्याची ही रीत केवळ गमतीची नाही. मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेंत्सोव यांच्या नेतृत्वाखाली १९५८ साली ‘सेतुन’ नावाचा संगणक तयार झाला, तो याच रीतीने हिशेब करीत असे. इतर बहुतेक संगणक ० आणि १ या दोनच खुणांवर चालतात.

आता दुसरे कोडे. बारा नाणी आहेत. दिसायला सगळी सारखी. त्यांतील एक खोटे आहे आणि त्याचे वजन खऱ्यापेक्षा वेगळे आहे. पण ते खऱ्यापेक्षा जड आहे की हलके आहे हे ठाऊक नाही. तराजू आहे, वजने एकही नाहीत. तराजू तीनच वेळा वापरायचा. खोटे नाणे शोधायचे, शिवाय ते जड की हलके हेही सांगायचे.

‘जड की हलके ठाऊक नाही’ या पाच शब्दांनी कोडे किती अवघड होते ते एकट्याने प्रयत्न केल्याशिवाय कळत नाही. खोटे नाणे हलकेच आहे असे आधी सांगितले असते, तर काम अगदी सोपे होते. नऊ नाण्यांतून ते दोन खेपांत सापडते : तीन-तीन नाणी तोला, हलका गट कळेल, मग त्या गटातील एकास एक तोला. तीन खेपांत तर सत्तावीस नाण्यांतूनही सापडेल. इथे नाणी फक्त बारा आहेत, तरी बहुतेक जण अडतात.

दुसरे महायुद्ध चालू असताना आणि संपल्यावर लगेच या कोड्याने इंग्लंड-अमेरिकेतील गणितज्ञांना झपाटले होते. युद्धाची कामे बाजूला ठेवून शास्त्रज्ञ नाणी तोलत बसतात, तेव्हा हे कोडे विमानातून शत्रूच्या मुलखावर टाकावे म्हणजे नुकसान दोन्हीकडे सारखे होईल, अशी थट्टा त्या काळी झाल्याचे सांगतात. १९४५ पासून दोन-तीन वर्षे गणिताच्या मासिकांतून त्यावर टिपणे येत राहिली. एकाने आठ नाण्यांचे सोपे कोडे घातले, दुसऱ्याने बारांचे सोडवले, तिसऱ्याने विचारले की चार खेपा मिळाल्या तर किती नाणी चालतील? एकाच्या उत्तरातून दुसऱ्याचा प्रश्न निघत गेला.

आपणही तसेच करू. चार मित्र जमवा आणि बारा चिंचोके किंवा बटणे घ्या. त्यांवर १ ते १२ आकडे घाला. खरा तराजू नको. एका मित्रालाच तराजू करा. त्याने एका चिठ्ठीवर गुपचूप लिहून ठेवायचे, समजा ‘७, हलके’. बाकीच्या तिघांनी सांगायचे की डाव्या पारड्यात कोणती बटणे, उजव्यात कोणती. आणि ‘तराजू’ने उत्तर द्यायचे.

दोन-चार डाव झाले की हा खेळ थोडा अवघड करा. तराजू झालेल्या मित्राला लबाडी करण्याची परवानगी द्या! म्हणजे त्याने चिठ्ठी लिहायचीच नाही. प्रत्येक खेपेला तुम्हाला जास्तीत जास्त गोंधळात टाकणारे उत्तर द्यायचे. अट एकच : आधीच्या उत्तरांशी विसंगत असे काही बोलायचे नाही. शेवटी त्याच्या सर्व उत्तरांना लागू पडतील अशी दोन नाणी तो दाखवू शकला, तर तुम्ही हरलात. तुमची रीत नशिबाने जिंकत होती की खरोखर पक्की आहे, हे ताडण्याचा यासारखा दुसरा उपाय नाही. नशिबाने जिंकणाऱ्याला लबाड तराजू पहिल्याच डावात पकडतो.

आता या लबाडासमोर पहिली खेप कशी करायची? शक्यता मोजा. बारांपैकी कोणतेही नाणे खोटे, आणि ते जड किंवा हलके. म्हणजे २४ शक्यता. तीन खेपांची उत्तरे ३ × ३ × ३ = २७. चोवीस ही संख्या सत्तावीसपेक्षा लहान आहे, तेव्हा आशा धरायला जागा आहे. पण पहिल्या खेपेनंतर दोनच खेपा उरतात आणि त्यांची उत्तरे नऊच. म्हणून पहिल्या उत्तरानंतर नऊहून अधिक शक्यता शिल्लक राहिल्या, तर डाव गेलाच म्हणून समजा.

सहा-सहा नाणी तोलली तर? पारडे कुठे तरी झुकणारच. ते डावीकडे झुकले, तर डावीकडचे एखादे जड असेल किंवा उजवीकडचे एखादे हलके असेल. एकूण १२ शक्यता. फार झाल्या. पाच-पाच तोलली आणि पारडे झुकले, तर १० उरतात. एकाने हुकले! तीन-तीन तोलली आणि दांडी सरळ राहिली, तर बाहेरची सहा नाणी संशयित, म्हणजे पुन्हा १२. राहिली एकच वाट : चार-चार. पारडे झुकले तर ८ शक्यता, सरळ राहिले तर बाहेरच्या चार नाण्यांच्या ८. नाणे न उचलता, नुसते मोजून, आपण पहिली खेप ठरवली.

समजा १, २, ३, ४ डावीकडे आणि ५, ६, ७, ८ उजवीकडे ठेवली आणि दांडी सरळ राहिली. मग ही आठही नाणी खरी ठरली आणि संशय ९ ते १२ वर आला. आता ९, १०, ११ एका पारड्यात आणि खरी म्हणून सिद्ध झालेली १, २, ३ दुसऱ्यात घाला. सरळ राहिले तर खोटे १२. ते एखाद्या खऱ्याशी तोलले की जड की हलके ते कळेल. ९, १०, ११ चे पारडे खाली गेले तर खोटे नाणे त्यांत आहे आणि जड आहे. ९ विरुद्ध १० तोला, जे खाली जाईल ते खोटे, सरळ राहिले तर ११. पारडे वर गेले तर हाच विचार हलक्या नाण्यासाठी करा.

खरी गाठ आहे ती पहिलीच खेप झुकली तर. इथे जवळजवळ प्रत्येक मंडळी अडते, कारण ‘आठ नाणी संशयित आणि दोनच खेपा उरल्या’ असे वाटून हातपाय गळतात. अशा वेळी ज्याला उत्तर आधीच ठाऊक असेल त्याने ते फोडू नये. एवढेच विचारावे : “खाली गेलेल्या पारड्यातले नाणे हलके असू शकेल का रे?” बहुधा एवढ्याने काम होते. खाली गेलेल्या पारड्यातले १, २, ३, ४ यांपैकी कोणतेही खोटे असले तर ते जडच असणार. वर गेलेल्या ५, ६, ७, ८ पैकी खोटे असले तर ते हलकेच असणार. शक्यता सोळा नाहीत, आठच आहेत.

मग दुसऱ्या खेपेला पारड्यांतील नाणी बदलायची. डावीकडे १, २ आणि ५. उजवीकडे ३, ४ आणि ६. सात आणि आठ बाहेर. डावे पारडे खाली गेले, तर १ जड किंवा २ जड किंवा ६ हलके. तिसऱ्या खेपेला १ विरुद्ध २ तोला : जे जड ते खोटे, सारखी असली तर ६ हलके. उजवे खाली गेले, तर ३ जड, ४ जड किंवा ५ हलके. आता ३ विरुद्ध ४. दांडी सरळ राहिली, तर ७ किंवा ८ हलके. त्या दोघांना एकमेकांशी तोला, जे वर जाईल ते खोटे. पहिल्या खेपेला उजवे पारडे खाली गेले असते, तर हीच रीत डावे-उजवे बदलून वापरायची. सुटले कोडे!

पण मासिकांतील मंडळी इथे थांबली नाहीत. वरच्या रीतीत एक अडचण आहे. पहिले उत्तर कळल्याशिवाय दुसरी खेप ठरवता येत नाही. तिन्ही खेपा आधीच कागदावर लिहून ठेवता येतील का? म्हणजे एक मित्र पुण्यात, दुसरा नागपुरात, तिसरा पणजीत तोलेल, एकमेकांना काही विचारणार नाही, आणि तिघांची उत्तरे एकत्र आली की खोटे नाणे कळेल?

येते, आणि तेही मोठ्या सुबक रीतीने. प्रत्येक नाण्याला तीन अक्षरी नाव द्या. डाव्या पारड्यासाठी ‘ड’, उजव्यासाठी ‘उ’, बाहेर ठेवायचे असेल तर ‘ब’. ‘डउब’ नावाचे नाणे पहिल्या खेपेला डावीकडे, दुसऱ्या खेपेला उजवीकडे आणि तिसऱ्या खेपेला बाहेर असेल. नावे देताना एक पथ्य पाळायचे. एखाद्या नावात ड च्या जागी उ आणि उ च्या जागी ड घातले की त्याचे ‘उलटे नाव’ मिळते. नाव आणि त्याचे उलटे नाव दोन्ही यादीत येता कामा नयेत. ही पाहा यादी :

१ डउड, २ डउउ, ३ डउब, ४ डडउ
५ उबड, ६ उबउ, ७ उबब, ८ उउब
९ बडड, १० बडउ, ११ बडब, १२ बबड

यावरून तीन खेपा अशा निघतात :

पहिली : डावीकडे १, २, ३, ४, उजवीकडे ५, ६, ७, ८.
दुसरी : डावीकडे ४, ९, १०, ११, उजवीकडे १, २, ३, ८.
तिसरी : डावीकडे १, ५, ९, १२, उजवीकडे २, ४, ६, १०.

प्रत्येक खेपेचे उत्तरही एका अक्षरात लिहा. डावे पारडे खाली गेले तर ड, उजवे गेले तर उ, दोन्ही बरोबर असली तर ब. तीन अक्षरांचा जो शब्द तयार होईल तो यादीत असला, तर ते नाणे खोटे आणि जड. त्याचे उलटे नाव यादीत असले, तर ते नाणे खोटे आणि हलके. समजा शब्द आला ‘उडब’. तो यादीत नाही. उलटे नाव ‘डउब’. ते ३ क्रमांकाचे. म्हणून ३ हलके. पडताळून पाहा : हलके नाणे पहिल्या खेपेला डावीकडे होते, म्हणून उजवे पारडे खाली गेले, दुसऱ्या खेपेला उजवीकडे होते, म्हणून डावे खाली गेले, तिसऱ्या खेपेला ते बाहेर होते, म्हणून दांडी सरळ राहिली.

सत्तावीस शब्दांपैकी चोवीस असे कामी आले. उरले डडड, उउउ आणि बबब. ‘बबब’ आले तर खोटे नाणे मुळात नव्हतेच. आणि ‘डडड’ किंवा ‘उउउ’ आले तर? मग कोणीतरी नोंद चुकीची केली, किंवा नाणे चुकीच्या पारड्यात घातले, किंवा तराजूच सदोष आहे. काही चुका तरी ही रीत स्वतःच पकडून देते. मला तर या कोड्यातील हाच भाग सर्वांत आवडतो.

कितीही खेपांसाठी चालणारी अशी सर्वसाधारण रीत फ्रीमन डायसन याने १९४६ साली ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ या ब्रिटिश मासिकात दिली. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता; पुढे तो थोर भौतिकशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत झाला. खेपांची संख्या ‘न’ असेल, तर ३ ‘न’ वेळा घेऊन गुणाकार करा, त्यातून ३ वजा करा आणि निम्मे करा. तेवढ्या नाण्यांपर्यंत खोटे नाणे आणि त्याची जात दोन्ही कळतात. तीन खेपांत १२, चार खेपांत ३९, पाच खेपांत १२०.

पुढच्याच वर्षी सेड्रिक स्मिथ याचा लेख त्याच मासिकात आला. हा स्मिथ आणि त्याचे तीन मित्र, लेनर्ड ब्रुक्स, आर्थर स्टोन व विल्यम टट, १९३० नंतरच्या दशकात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात एकत्र शिकत होते. एका मोठ्या चौरसाचे सगळे वेगवेगळ्या मापांचे लहान चौरस करता येतील का, या कोड्याचा त्यांनी मिळून पिच्छा पुरवला. टट तर रसायनशास्त्राचा विद्यार्थी! त्यांनी ते कोडे विजेच्या तारांच्या जाळ्याशी जोडले आणि १९४० साली चौघांच्या नावाने निबंध छापला. या चौकडीने ब्लांश देकार्त या नावाची एक काल्पनिक गणिती बाईही निर्माण केली होती. १९५० साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या ‘युरेका’ मासिकात याच बाईंच्या नावाने बारा नाण्यांचे उत्तर चक्क पद्यात प्रसिद्ध झाले. बारा नाण्यांवर बारा इंग्रजी अक्षरे, आणि प्रत्येक पारड्यातील चार अक्षरांचे अर्थपूर्ण शब्द. ते पाठ केले की तिन्ही खेपा पाठ. मराठीत काना-मात्रांमुळे हे अवघड जाईल, पण कोणी जमवले तर जरूर कळवा.

तुम्ही म्हणाल, खोटी नाणी तोलून मिळाले काय? तर ऐका. १९४३ साली रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने सैन्यात भरती होणाऱ्यांच्या रक्ततपासणीचा विचार करताना सुचवले, की प्रत्येकाचे रक्त वेगळे तपासण्याऐवजी अनेकांचे थोडे थोडे रक्त एकत्र करून तपासावे. दोष दिसला तरच त्या गटातील प्रत्येकाला वेगळे तपासावे. शंभर माणसांत एकच आजारी असेल आणि पाच-पाचांचे गट केले, तर गटांच्या २० आणि सापडलेल्या गटातील ५, अशा २५ तपासण्यांत काम होते. २०२० साली कोविडची साथ आली आणि तपासणीचे साहित्य अपुरे पडू लागले, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, जिथे रोग कमी पसरला होता अशा भागांत, पाच नमुन्यांपर्यंत एकत्र तपासण्यास परवानगी दिली. पण दुसऱ्यांदा तपासण्यात वेळ जातो. म्हणून मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘टॅपेस्ट्री’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक नमुना एकाहून अधिक गटांत, आधी ठरवलेल्या तक्त्याप्रमाणे घालतात; सर्व गट एकदमच तपासतात; आणि कोणते गट दोषी निघाले यावरून आजारी माणूस कोण ते गणिताने काढतात. आपल्या ‘डउब’ आणि ‘बडड’ या नावांची तुम्हाला आठवण झाली ना?

आता तुमच्या चौकडीसाठी दोन कोडी. तेरा नाण्यांच्या शक्यता २६ होतात, म्हणजे २७ पेक्षा कमीच. तरीही लबाड तराजूसमोर तीन खेपांत खोटे नाणे आणि त्याची जात दोन्ही हमखास सांगता येत नाहीत. का? (पहिल्या खेपेपाशी थांबून मोजा.) आणि या तेरांखेरीज एक नक्की खरे असे चौदावे नाणे कोणी तुमच्या हातावर ठेवले, तर मात्र तीन खेपांत काम होते. ते कसे? उत्तरे पुढील अंकी.